रविवारचा प्रवास कुणाच्या वहीत लिहायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. चार वर्षांचा अनुभव, पुण्याच्या हिंजवडीतल्या एका आयटी सर्व्हिस कंपनीत सिनिअर इंजिनिअर. गेले तीन महिने महिन्यातून दोनदा चेन्नईजवळच्या क्लायंटच्या प्लांटवर जावं लागतंय. रविवारी दुपारी घर सोडायचं, शुक्रवारी रात्री उशिरा परत यायचं. शिवाय महिन्यातून एकदा शनिवारी रात्रीचं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरमधले नवे बदल चालू करणं, ते पहाटे चार-पाचपर्यंत चालतं. यातल्या कशाचेच पैसे नाहीत. मॅनेजर म्हणतो, "सॅलरीड माणसाला ओव्हरटाइम नसतो." ऑफर लेटरमध्ये "कामाच्या गरजेनुसार जादा वेळ आणि प्रवास करावा लागेल" असं एक वाक्य आहे. एक सहकारी सांगतो की राइट टू डिस्कनेक्टचा, म्हणजे कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचा, कायदा आलाय, सरळ फोन बंद ठेव. आणि नाही म्हटलं तर अप्रेझलमधलं रेटिंग जाईल ही भीती आहेच.

मी एकवीस वर्षं याच धंद्यात आहे. पहिली आठ वर्षं कोड लिहिण्यात गेली, नंतरची डिलिव्हरी, म्हणजे प्रोजेक्ट आणि टीम, सांभाळण्यात. म्हणजे रविवारी दुपारी मी स्वतः बॅग भरलेली आहे आणि पुढे दुसऱ्यांनाही भरायला लावलेली आहे. मी वकील नाही. कायद्याचं जे सांगते ते एचआर आणि लेबर कन्सल्टंटबरोबर बसून, नोटिसांना उत्तरं देता देता शिकलेलं आहे. तुम्ही कायद्याचा प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर देतेच, पण मला यात हिशेबाचा प्रश्न जास्त दिसतो. तुमचे हे तास आत्ता कुणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. जे लिहिलं जात नाही त्याचे पैसे कोण देणार?

पण आधी ते "सॅलरीड". ही भाषा मूळची अमेरिकेची. तिथे १९३८ सालचा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट आहे. आठवड्याच्या चाळीस तासांपुढे दीडपट पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे त्यावरून ठरतं. ठरावीक पगार, तो एका मर्यादेच्या वर असणं आणि कामाचं स्वरूप अशा कसोट्या आहेत, आणि कॉम्प्युटरच्या कामाला तर वेगळी सूटच आहे. न्यू जर्सीत बसलेला आपला इंजिनिअर बहुतेक वेळा या अपवादातच मोडतो. तिकडच्या एचआर मॅन्युअलबरोबर ही समजूत पुण्यात आली असावी असा माझा अंदाज आहे. कारण महाराष्ट्राच्या कायद्यात महिन्याचा पगार की तासाची मजुरी, ही कसोटीच नाही.

आपल्याकडे लागू होतो तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. आपण सगळे त्याला शॉप अ‍ॅक्टच म्हणतो. नावात दुकान असलं तरी आयटी ऑफिसं त्यात येतात. त्यात कामगाराची व्याख्या आहे ती अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी वगैरे काम करणारा अशी. "तांत्रिक" हा शब्द तिथे आहे हे लक्षात घ्या. वेळेबद्दल मूळ कायदा सांगतो: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, त्याहून जास्त काम घेतलं तर नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे, आणि असं जादा काम तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल मंजूर केले आणि पाठोपाठ अध्यादेश निघाला. दिवसाचे ९ चे १० तास, १२५ चे १४४, आणि कायद्याची ही बंधनं दहाऐवजी वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. आठवड्याचे ४८ तास आणि दुप्पट दर मात्र तसेच राहिले. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांनी राज्याचा शॉप अ‍ॅक्ट रद्द झालेला नाही.

आता कुठे घोडं अडतं ते सांगते. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरच्या लोकांना हा कायदा लागू नाही. मॅनेजर लोक यावर बोट ठेवतात. पण त्याच तरतुदीत पुढे असं आहे की अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर लावली पाहिजे. ही यादी फार कमी लोकांनी पाहिलेली असते, एचआरमधल्याही. तुमच्या कंपनीची शोधा. सापडली तर "सिनिअर इंजिनिअर" त्यात आहे का बघा. आणि यादीत नाव असलं म्हणजे विषय संपला असंही नाही, कारण वाद झाला तर कोर्ट पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम बघतं. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का? कुणाचं अप्रेझल लिहिता का? कुणाला कामावर घ्यायचा किंवा काढायचा अधिकार आहे का? दोन ज्युनिअरचा कोड तपासता म्हणून तुम्ही सुपरवायझर होत नाही. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दिवसभर कोड, टेस्टिंग आणि प्लांटवरच्या लोकांशी बोलणं यातच असता. माझ्या मते तुम्ही कामगार या व्याख्येत बसता. पण हे "माझ्या मते" आहे, निकाल नाही. टीम लीड झालात, पाच माणसं हाताखाली आली, की उत्तर बदलू शकतं.

ऑफर लेटरमधल्या वाक्याचं म्हणाल तर ते दोन तुकड्यांत वाचा. "जादा वेळ करावा लागेल" असं लिहिलंय, "फुकट करावा लागेल" असं लिहिलेलं नाही. आणि लिहिलं असतं तरी कायद्याने दिलेलं करारात लिहून काढून घेता येत नाही. प्रवासाचा तुकडा मात्र पक्का आहे. कामासाठी परगावी जा असं कंपनी सांगू शकते आणि तुम्ही ते मान्य करून सही केलेली आहे. त्यामुळे "मी चेन्नईला जाणारच नाही" ही भूमिका घेऊ नका, तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

राइट टू डिस्कनेक्टचं सहकाऱ्याने अर्धवट ऐकलंय. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत या विषयाचं खासगी विधेयक मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. मांडलं, एवढंच. खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याला आपल्याकडे शेवटचं १९७० साल आहे. फोन बंद ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण कायद्याच्या भरवशावर नको.

म्हणजे कायदा तुमच्या बाजूने बऱ्यापैकी आहे. तरीही मी तुम्हाला उद्या कामगार आयुक्तांकडे जा असं सांगत नाहीये. का, ते कळायला आमच्या, म्हणजे मॅनेजरांच्या, बाजूचा हिशेब बघावा लागेल.

मी इंजिनिअर होते तेव्हा आमचं टाइमशीट दिवसाला आठ तासांवर काही भरूच द्यायचं नाही. ११ टाकलं की चौकट लाल व्हायची आणि खाली ओळ यायची की कमाल मर्यादा ८. मग मी ११ खोडून ८ लिहायची. सगळेच लिहायचे. दोन-तीन आठवड्यांनी बोटांना सवय लागली, लाल चौकट दिसणंच बंद झालं. पुढे मी स्वतः मॅनेजर झाले तेव्हा त्याच टाइमशीटवरून महिन्याचा रिपोर्ट माझ्यासमोर यायचा. सात माणसं, प्रत्येकाचे दिवसाला बरोबर आठ तास. इतका सरळ रिपोर्ट बघून मलाही बरं वाटायचं. लबाडी म्हणून नाही, खरंच वाटायचं की सगळं वेळेत चाललंय! एकदा गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या, नंतर टीममधल्या एका मुलाने स्वतःची डायरी माझ्यासमोर ठेवली. त्यातली पानं आणि टाइमशीट शेजारी शेजारी ठेवून मी बसले. सहा आठवड्यांत त्याच्या एकट्याचे ७१ तास कुठेच नव्हते. रिपोर्टमध्ये नाहीत, बिलात नाहीत, पगारात नाहीत. पुढच्या प्रोजेक्टचं एस्टिमेट मी त्याच रिपोर्टवरून केलं असतं, म्हणजे पुन्हा तेवढंच कमी.

म्हणून पहिली गोष्ट: तुमचं प्रोजेक्ट टी अँड एम (टाइम अँड मटेरिअल, लागेल त्या वेळेचे पैसे) आहे की फिक्स्ड बिड (आधीच ठरलेली एक रक्कम), हे शोधून काढा. सिनिअर माणसाला सहज विचारलंत तरी कळेल. टी अँड एम असेल तर क्लायंट तुमच्या दिवसाचे पैसे देतो, आणि आठच्या वरचे तास म्हणजे तुमच्या कंपनीने क्लायंटला दिलेली भेट, खर्च तुमचा. अशा वेळी मॅनेजरला जादा तास बिलात घ्यायची वाट असू शकते, फक्त कुणीतरी ते आधी दाखवायला हवेत. फिक्स्ड बिड असेल तर गोष्ट अवघड. तिथे किंमत आधीच ठरलेली असते, एस्टिमेट चुकलेलं असतं आणि ती चूक शनिवारच्या रात्री भरून काढली जाते. तिथे पैसे मागितले तर ते मॅनेजरच्या मार्जिनमधून, म्हणजे प्रोजेक्टच्या नफ्यातून, जातात, आणि मार्जिनवर त्याचं स्वतःचं रेटिंग असतं. तिथे पैशापेक्षा सुट्टी मागणं सोपं पडतं. हे कळलं की मॅनेजर "नाही" कशामुळे म्हणतोय ते दिसतं, आणि समोरच्याची अडचण माहीत असली की बोलणं वेगळं होतं.

आता प्रवास. क्लायंटबरोबरच्या करारात साधारणपणे तिकीट, हॉटेल, टॅक्सी यांचे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे पैसे मिळतात, पण प्रवासात गेलेल्या वेळाचे मिळत नाहीत. सोमवारी सकाळी निघालात तर कंपनीचा अर्धा बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येणारा, दिवस जातो. रविवारी निघालात तर फक्त तुमचा रविवार जातो. एवढं साधं आहे. यात कुणी खलनायक नाही, फक्त रविवारला किंमत नाही म्हणून तो आधी वापरला जातो.

त्याला किंमत लावून बघा. वाकडहून दुपारी तीनला टॅक्सी, लोहगाव विमानतळावर सव्वाचार, सहाचं विमान, पावणेआठला चेन्नई, तिथून श्रीपेरुंबुदूरकडे गाडी, हॉटेलच्या खोलीत बॅग टेकवेपर्यंत दहा. सात तास. शुक्रवारी काम आटपून उलटा प्रवास, तेवढाच. महिन्यात दोन फेऱ्या म्हणजे २८ तास, वर्षभर असंच चाललं तर ३३६. आठ तासांच्या दिवसाने ४२ दिवस. हा आकडा मॅनेजरच्या तोंडावर फेकायचा नाहीये, पण तुमच्या स्वतःच्या डोक्यात तो असू द्या. "रविवारी निघावं लागतं, वाईट वाटतं" आणि "वर्षाला ४२ दिवस" यात फरक आहे.

यात दैनिक भत्ता धरू नका. तो जेवणाखाणाचा आहे, वेळेचा नाही. "तुला पर डिएम मिळतोय की" हे उत्तर मी स्वतः एकेकाळी दिलेलं आहे, आज लाज वाटते.

प्रवासाच्या तासांबद्दल शॉप अ‍ॅक्टमध्ये वेगळं कलम नाही. अमेरिकेत आहे: जे लोक ओव्हरटाइमला पात्र आहेत त्यांचा मुक्कामी दौऱ्यातला जो प्रवास नेहमीच्या ऑफिसच्या वेळेत पडतो तो कामाचा धरतात, मग वार शनिवार-रविवार का असेना. आपल्याकडे हे कंपनीच्या ट्रॅव्हल पॉलिसीवर चालतं. ती इंट्रानेटवर असते. पंचवीस पानांत तुम्हाला दोनच ओळी शोधायच्या आहेत, सुट्टीच्या दिवशी प्रवास केला तर काय आणि कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, कुणाला. मी पाहिलेल्या निम्म्या पॉलिसींत हे लिहिलेलं होतं आणि टीममध्ये कुणाला माहीत नव्हतं. एका पॉलिसीत तर सुट्टीच्या दिवशी चार तासांपेक्षा जास्त प्रवास झाला तर अर्धा दिवस कॉम्प-ऑफ, असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि तीन वर्षांत तो एकानेही मागितला नव्हता.

आणि एक प्रश्न जरूर विचारा, जो आम्ही चौदा महिने विचारला नव्हता. सोमवारी सकाळी नऊलाच कशाला? माझी एक टीम अशीच दर पंधरवड्याला रविवारी निघायची. एकदा मीही बरोबर गेले. सोमवारी नऊला प्लांटच्या गेटवर पास करून आत गेलो तर आमच्यासाठी कुणीच मोकळं नव्हतं. क्लायंटचा आयटी हेड साडेअकराला आला. चहा घेताना मी विचारलं तर तो म्हणाला, सोमवारी सकाळी आमची प्रॉडक्शनची मीटिंग असते, तुमची गरज दुपारनंतर लागते, तुम्ही नऊला का येता हे मला कधी कळलंच नाही. पहिल्या आठवड्याच्या प्लॅनमध्ये कुणीतरी "सोमवार, सकाळी ९" लिहिलं होतं आणि ते तसंच पुढे कॉपी होत गेलं होतं. पुढच्या फेरीपासून आम्ही सोमवारी सकाळच्या पहिल्या विमानाने जायला लागलो. तुमच्याकडे असंच असेल असं नाही. एखाद्या प्लांटला खरंच पहिल्या शिफ्टला माणूस लागतो. पण विचारायला काय जातं?

बोलणं कसं करायचं? तक्रारीच्या सुरात नको, आणि दौरा झाल्यावर तर अजिबात नको. झालेल्या रविवारबद्दल कुणालाच काही करायची घाई नसते. तिकीट काढायच्या आधी, लेखी, दोन पर्याय ठेवून. मी असं काहीतरी लिहीन:

"पुढच्या चेन्नई दौऱ्याबद्दल. सोमवारी सकाळी ९ ला प्लांटवर पोचायचं असेल तर रविवारी दुपारी ३ ला निघावं लागतं. तसं करायचं असेल तर तो रविवार कामाचा धरून दौऱ्यानंतरच्या सोमवारी कॉम्प-ऑफ घेते, सिस्टीममध्ये टाकून ठेवते. नाहीतर सोमवारी पहाटेच्या विमानाने निघून दुपारपर्यंत प्लांटवर पोचते, सकाळची स्टँड-अप मीटिंग फोनवरून करता येईल. दोन्हीपैकी कोणतं करू ते तिकिटाआधी सांगा."

यात कुठेही "मला जमणार नाही" नाही. तुम्ही काम नाकारत नाही, रविवारला फक्त एक किंमत लावता आणि निवड मॅनेजरवर सोपवता. माझा अनुभव असा की दहापैकी सहा-सात मॅनेजर यातलं काहीतरी एक निवडतात, कारण दोन्ही पर्याय त्यांच्या वरच्याला समजावता येतात. फोनवर "बघू, अ‍ॅडजस्ट करू" असं उत्तर आलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका की बोलल्याप्रमाणे सोमवारी कॉम्प-ऑफ घेतेय. "अ‍ॅडजस्ट करू" हा शब्द आमच्या धंद्यात जितक्या सुट्ट्या गिळून बसलाय तितक्या कुणी गिळल्या नसतील.

कॉम्प-ऑफ साठवू नका. बऱ्याच कंपन्यांत तो महिना-दोन महिन्यांत बाद होतो. शॉप अ‍ॅक्टही साप्ताहिक सुट्टीला काम केलं तर बदली रजा दोन महिन्यांच्या आत असं सांगतो. रिलीजनंतरच्या आठवड्यातच घ्या, दिवाळीला जोडून घेऊ म्हणून ठेवलात तर दिवाळीत ऑडिट निघतं.

शनिवार रात्रीच्या रिलीजकडे मी वेगळ्या नजरेने बघते. प्रॉडक्शन अचानक पडलं आणि रात्री दोनला फोन आला तर उठा. घड्याळ, कायदा, तास सगळं सकाळी बघू, आपल्या धंद्यात एवढं आहेच. मीही उठले आहे, पुढेही उठेन. पण दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ठरवून होणारं रिलीज ही अडीअडचण नसते, ती शिफ्ट असते, आणि शिफ्टला रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, लागतं. म्हणून मागणी पैशाने सुरू न करता रोस्टरने करा: टीममध्ये पाच जण आहेत तर पाचही जणांची पाळी येऊ दे. मॅनेजरला यात पैसे घालावे लागत नाहीत आणि तुमच्या वर्षाच्या बारा रात्रींच्या दोन-तीन होतात.

पैशाचा अंदाज हवा असेल तर ढोबळ मांडते. समजा महिन्याचा पगार ६०,०००. २६ दिवसांनी भागा, मग ९ तासांनी, तासाला साधारण २५६ रुपये येतात. दुप्पट म्हणजे ५१२. आठ तासांचं एक रिलीज म्हणजे चार हजारांच्या वर. पगाराचे कोणते भाग यात धरायचे यावर वाद होतात, म्हणून हा आकडा कुणाला मेलवर पाठवू नका. पण काही कंपन्या रिलीजच्या रात्रीचा ठोक भत्ता देतात आणि समोरून पाचशे रुपयांची फूड कुपनं आली, तर तुम्हाला कळलं पाहिजे की आपण कशाला हो म्हणतोय.

आणि तुमचं रिलीज ऑफिसमधून असेल तर हे नक्की. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्री कामगाराला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय कंपनीने करायची असते. दारापर्यंत, सोसायटीच्या चौकापर्यंत नाही. पहाटे साडेचारला हिंजवडी फेज थ्रीमधून स्वतः कॅब बुक करून नंतर बिल लावण्याचा प्रकार मी खूप पाहिलाय. तो पहिल्याच वेळी थांबवा. यावर कुठलाही शहाणा मॅनेजर वाद घालत नाही.

या सगळ्याला एक आधार लागतो, तो म्हणजे तुमची स्वतःची नोंद. साधी वही. तारीख, किती ते किती, कुणी सांगितलं, कोणतं तिकीट किंवा कोणतं रिलीज. रोज दोन मिनिटं. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, कारण नोकरी सोडताना तो जमा होतो. आणि कृपा करून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करत बसू नका. पुरावा म्हणून केलेली ही गोष्ट डेटा पॉलिसीचा भंग ठरते आणि मग चर्चा तुमच्या तासांवर न होता तुमच्यावर होते. एका चांगल्या मुलीची केस याच कारणाने फिरलेली मी पाहिली आहे. वहीत मेलची तारीख आणि विषय लिहून ठेवला तरी पुरतो.

आता रेटिंग. जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. मी बेल कर्व्हच्या, म्हणजे टीममध्ये कुणाला वरचं आणि कुणाला खालचं रेटिंग द्यायचं हे ठरवायच्या, मीटिंगांना बसलेली आहे. तिथे "ती थोडी रिजिड आहे" असं एक वाक्य कुणीतरी बोलतं आणि नाव एक घर खाली सरकतं. पण तिथेच मी हेही पाहिलंय की तीन वर्षं मुकाट्याने रविवारी निघणाऱ्याचं नावच कुणाला आठवत नाही. त्या तासांची नोंद नसल्याने मॅनेजरला त्याच्या बाजूने बोलायला काही हातात नसतं. तुम्ही वर्षभरात चार मेल टाकून किती दौरे, किती रिलीज केले हे दाखवलं असेल, तर निदान बोलायला कागद असतो. सेल्फ-अप्रेझलमध्ये ते आकडे जरूर लिहा.

मॅनेजर काहीच ऐकत नसेल तर आधी एचआर बिझनेस पार्टनर, मग स्किप-लेव्हल, म्हणजे मॅनेजरचा मॅनेजर. दोन्हीकडे तोच मेल, तीच नोंद, सूर तोच. त्यापुढे शॉप अ‍ॅक्टखाली तक्रार घेणारा अधिकारी असतो, नव्या कायद्यात त्याला सुविधाकार म्हणतात, आणि कामगार आयुक्तालय आहे. पुण्यातूनच चालणारी नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी तिथे नेते. पण एकटीने, नोकरीत असताना, ओव्हरटाइमच्या थकबाकीसाठी तिथे जाणारे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आणि रिलीव्हिंग लेटर कंपनीच्या हातात असतं, हे वास्तव आहे. टीममधल्या पाच-सहा जणांची तीच तक्रार असेल आणि सगळे नावानिशी उभे राहणार असतील तर चित्र बदलतं. अशा वेळी जायच्या आधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा, तासाभराची फी जाईल पण व्याख्येत बसता की नाही ते आधीच कळेल.

बदलीचा विचार करत असाल तर पुढच्या मुलाखतीत "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे" असं विचारू नका, त्यावर सगळे छानच म्हणतात. विचारा की ऑन-कॉलचं, म्हणजे कामाच्या वेळेबाहेर फोन आला तर हजर राहण्याचं, रोस्टर किती जणांत फिरतं, ऑन-कॉल भत्ता आहे का, सुट्टीच्या दिवशी प्रवास झाला तर पॉलिसी काय आहे. समोरच्याने आकड्यात उत्तर दिलं तर तिथे निदान मोजतात.

तूर्तास पुढचा दौरा कधी आहे ते बघा. तिकीट निघालं नसेल तर वरचा मेल तुमच्या भाषेत, चार ओळींत, आजच पाठवा. निघालं असेल तर या वेळी जा, सोमवारी नऊला प्लांटवर तुमची वाट कोण बघत असतं तेवढं बघून या आणि मला सांगा.